गाईडच्या बॅटरीतला शंकर

मराठवाड्यातल्या माणसाला गुहेची ओढ असते ती इतिहासामुळे नाही, उन्हामुळे. मे महिन्यात नांदेडचा पारा त्रेचाळीसवर चढला की माणूस आधी लिंबाखाली जातो, मग कूलरपुढे बसतो, आणि लाइट गेली की त्याला एकदम आपल्या प्राचीन वारशाची आठवण होते. डोंगर आतून कोरला की भर दुपारी गार लागतं, हे इथल्या लोकांना दीड हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. नंतर आपण सुधारलो आणि पत्र्याची घरं बांधली.

आमच्या घरात मात्र गुहेचा विषय बारमाही चालतो, कारण माझे साडू लातूरचे आहेत. आमची सासुरवाडी अहमदपूरची, म्हणजे नांदेड-लातूर रस्त्यावर मधोमध. सासऱ्यांनी एक मुलगी इकडे दिली, एक तिकडे दिली आणि स्वतः तटस्थ राहिले. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचं नातं बाहेरच्या माणसाला कळत नाही. दोघांनीही राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले, त्यामुळे तिथं बरोबरी झाली. पण नवं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद २००९ पासून जो पेटला तो काही विझत नाही. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे जेवणाच्या ताटावर आयुक्तालय काढायचं नाही असा घरात नियम आहे. म्हणून आम्ही लेण्यांवर भांडतो.

माझ्या बाजूला माहूर आहे. रेणुकामातेचं ठाणं, दत्ताचा डोंगर आणि राष्ट्रकूटांच्या काळातली पांडवलेणी. अण्णांच्या, म्हणजे साडूंच्या बाजूला औसा तालुक्यातलं खरोसा. आता महाराष्ट्रात जिथं जिथं डोंगराला भोक आहे, तिथं तिथं ते पांडवांनी पाडलं असं गावकरी सांगतात, तेही एका रात्रीत. ही सगळी कामं खरी धरली तर पांडवांचा वनवास हा वनवास नसून बांधकाम खात्याचं भलं मोठं टेंडर होतं असं म्हणावं लागेल. लेणं अर्धवट का राहिलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: कोंबडा आरवला. तेव्हापासून आजतागायत आमच्याकडे कुठलंही काम अर्धवट राहिलं की कुणीतरी कुठंतरी कोंबडा शोधत असतो.

या भांडणात तिसरा पक्ष घुसला तो अण्णांच्या थोरल्या मुलामुळे. तो नोकरीला जर्मनीत आहे. जर्मन माणसं सुट्टी लागली की भूमध्य समुद्रातल्या स्पेनच्या मायोर्का बेटावर जाऊन पडतात, त्यांच्या नादानं हाही गेला आणि तिथली 'ड्रॅगनची गुहा' बघून आला. मार्तेल नावाच्या फ्रेंच माणसानं १८९६ साली ती धुंडाळली, आत एक तळं आहे, त्याला त्याचंच नाव दिलंय. लोकांना अंधारात बाकांवर बसवतात, दिवे घालवतात, आणि मग तळ्यावरून दिवे लावलेल्या नावा येतात. नावेत वादक बसलेले, व्हायोलिन वाजवतायत. श्वाससुद्धा हळू घ्यावासा वाटतो, असं तो फोनवर सांगत होता. फोन स्पीकरवर होता. आम्ही सगळे ऐकत होतो.

"फोटो पाठव की," अण्णा म्हणाले.

"फोटो काढू देत नाहीत, पप्पा."

"मग गेलास कशाला?"

पोरगं गप्प झालं. पण अण्णांच्या डोक्यात दुसरंच काही चालू होतं. थोड्या वेळानं ते फोनच्या जवळ वाकले आणि आवाज खाली आणून विचारलं, "ते तळं... जमिनीखाली किती फुटावर लागलं?"

बाहेरच्याला हसू येईल, मला आलं नाही. लातुरात बोअर आठशे-हजार फूट जातो आणि त्यातून धूळ येते. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाडीला 'जलदूत' म्हणायचे आणि ती बघायला लोक स्टेशनवर जमले होते. त्या गावच्या माणसाला कुणी सांगितलं, की जमिनीच्या पोटात तळं आहे आणि लोक त्यावर व्हायोलिन वाजवतात, तर त्याच्या मनात संगीत सगळ्यात शेवटी येणार.

मायोर्काचा खर्च ऐकून झाल्यावर ठरलं, की आपण बोर्राला जायचं. हा तोडगा माझा. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे आहे, आणि तिथून अराकूच्या वाटेवर, पूर्व घाटात, बोर्राच्या गुहा आहेत. आंध्रातल्या असल्यामुळे नांदेडच्याही नाहीत आणि लातूरच्याही नाहीत. एका रात्रीचा प्रवास, धपाट्याचे दोन डबे, दह्याचा एक, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, आणि सोबत अण्णांचा धाकटा, जो नीटच्या परीक्षेचा अभ्यास करतो आणि त्यामुळे प्रवासात खिडकीबाहेर बघत नाही.

विशाखापट्टणमहून पुढं किरंदुलकडे जाणारी गाडी बोर्रा गुहालु नावाच्या स्टेशनावर थांबते. हा मार्ग साठच्या दशकात बैलाडिल्याचं लोखंड जपानला धाडण्यासाठी घातला. एकामागून एक बोगदे. प्रत्येक बोगद्यात डब्यातली सगळी पोरं बोंब ठोकतात आणि उजेडात आल्यावर गप्प होतात. आमच्या डब्यात एक पोक्त गृहस्थही ठोकत होते, ते कोण हे मी सांगणार नाही कारण माझी बायको राखी पौर्णिमेला त्यांना भाऊ मानून ओवाळते.

गुहेच्या तोंडाशी माकडं. आमचा दुसरा डबा तिथं गेला. तिकीट काढून आत शिरल्याबरोबर जो गारवा अंगावर आला, त्याला सगळ्यांनी 'अहाहा' म्हटलं, आणि खरं सांगायचं तर सहल तिथंच वसूल झाली होती. पण पुढं गाईड उभा होता.

असली दाखवायची गुहा जगात कुठंही असो, तिथं दोन वस्तू लागतात: तिकीट आणि बॅटरी हातात घेतलेला माणूस. गुहा नुसती बघायची म्हटलं तर माणसाला काही दिसत नाही. ओबडधोबड दगड वरून लोंबतोय, ओबडधोबड दगड खालून वर आलाय, संपलं. मग गाईड बॅटरीचा झोत एका ठिकाणी मारतो आणि म्हणतो, "ये देखो, शिवजी." लगेच दिसतात. "बाजू में पार्वतीजी." दिसतात. "ये ऋषी की दाढी. ये मगरमच्छ. ये माँ और बच्चा. ये इन्सान का दिमाग." माणसाचा मेंदू मात्र आम्हाला कुणालाच दिसेना, तेव्हा गाईड वैतागून म्हणाला, "दिमाग से देखो." मायोर्कालाही बहुतेक हाच धंदा चालत असणार, तिथं शंकराऐवजी ड्रॅगन दिसतो एवढंच. ज्याच्या लहानपणीच्या गोष्टीत जे, ते त्याच्या गुहेत.

माझी मेहुणी, अक्का, फार सरळ बाई. तिनं पहिल्या शंकरापाशीच गाईडला थांबवलं. "भैया, कौन-कौन भगवान है वो पहले बताओ. मैं सबको एकदम नमस्कार करती." पण गाईड एकेक करून सोडत होता, त्यामुळे तिचे हात जोडलेले आणि सोडलेले, जोडलेले आणि सोडलेले. मगरीलाही एक नमस्कार गेला. गेलेला नमस्कार परत घेता येत नाही.

इथं नीटवाल्या चिरंजीवांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं, चुनखडी विरघळवतं, कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन छतातून ठिबकतं. थेंब हवेत आला की वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा कण मागं राहतो. वरून वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ, खालून वाढतो तो ऊर्ध्वमुखी. त्यानं समीकरण तोंडानंच संतुलित करून दाखवलं. लातूर पॅटर्न म्हणतात तो हा. गाईड कौतुकानं ऐकत होता. शेवटी त्यानं बॅटरी त्या मुलाच्या तोंडावर मारली, जणू आणखी एक आकृती सापडली.

"आपल्याकडं का नाही होत असं?" माझ्या बायकोनं विचारलं.

"मावशी, आपल्याकडं चुनखडी नाही. सगळा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा."

"म्हणजे नशीब," अक्का म्हणाली, आणि रसायनशास्त्राचा तास संपला.

या सगळ्या वेळात अण्णा कुठं होते? ते एका कोपऱ्यात वर बघत उभे होते. लातूरचा माणूस कुठल्याही अनोळखी छताखाली गेला की आधी वर बघतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला, त्यानंतर ही सवय अख्ख्या जिल्ह्याला लागली ती गेली नाही. तेव्हाची माणसं आजही मंगल कार्यालयात जेवायला बसताना खांबाजवळची जागा धरतात. अण्णांनी छत बघितलं, भिंतीवर तळवा टेकवला, डोक्यावरून रेल्वे जाते असं गाईड म्हणाल्यावर तो आणखी थोडा वेळ टेकवून ठेवला. गाईडला वाटलं, हे वर एखादा देव शोधतायत. त्यानं तत्परतेनं एक दाखवला.

आणि मग अण्णांना थेंब दिसला. छताच्या टोकाला लोंबत असलेला, पडू की नको करणारा. पडला. खाली दगडावर टप्प. बऱ्याच वेळानं दुसरा.

"किती वर्षं झालं पडायलंय हे?"

"लाखों साल से, सर," गाईड अभिमानानं म्हणाला.

अण्णांनी थेंब पडत होता ती जागा बघितली, आमच्याकडे बघितलं, आणि एखाद्याच्या घरी नळ वाहता सोडलेला दिसावा तशा सुरात म्हणाले, "आन् एकानंही घागर लावली नाही?"

गोस्थनी नदी या गुहेतूनच निघते असं सांगतात. वर भोकातून एक गाय आत पडली, गुराखी शोधत आला, तर गाय धडधाकट आणि शेजारी शिवलिंग. ती गोष्टही गाईडनं सांगितली. लिंगापर्यंत पायऱ्या आहेत. अक्का चढून गेली, नारळ कुठं मिळतो ते विचारून परत आली, पुन्हा चढली. बाहेर येऊन आम्ही बांबूत भाजलेलं चिकन खाल्लं. अक्का आणि माझी बायको शाकाहारी, त्यांनी बांबू बघितला.

एवढं झाल्यावर परतीच्या गाडीत अण्णांनी जाहीर केलं, की आता खरोसा बघायचंच. लातूरच्या माणसानं खरोसा न बघता आंध्रातली गुहा बघून यावी, हे त्यांना लागलं होतं. मी विचारलं, तुम्ही कधी गेला होता? "शाळेत असताना. दोन रांगा करून." म्हणजे आठवत होत्या त्या रांगा.

दिवाळीनंतर गेलो. लातूरहून औसा, तिथून निलंग्याच्या रस्त्यानं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तुरीची शेतं, सोयाबीन निघालेली उघडी काळी जमीन, आणि मग एकदम लालसर टेकडी. टेकडीवर रेणुकामाता आहे, जवळ पीर पाशांचं ठिकाण आहे, आणि डोंगराच्या अंगात डझनभर लेणी. जाणकार त्यांचा काळ सहाव्या शतकाच्या आसपास सांगतात. बर्जेस आणि फर्ग्युसन यांनी १८८० च्या त्यांच्या लेण्यांवरच्या जाडजूड ग्रंथात खरोशाची दखल घेतली आहे. म्हणजे विलायतेच्या साहेबाला इथं यायला वेळ मिळाला होता; लातूरच्या माणसाला यायला वाटेत बोर्रा करावं लागलं.

तिकीट नव्हतं. गाईड नव्हता. रंगीत दिवे नव्हते. अक्कानं विचारलं, "चालू आहे ना?"

आत गेलो. गारवा तोच. पण बाकी सगळं उलटं. अजिंठा-वेरूळ कोरलं काळ्या बेसाल्टात. खरोसा कोरलं जांभ्या दगडात. जांभा ताजा असताना मऊ, छिन्नीला आनंदानं वाट देतो आणि वाऱ्यावर आला की कडक होतो. पण असतो सच्छिद्र. पावसाळा आत मुरतो, कण सुटत जातात. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, कैलास उचलणारा रावण, पहिल्या लेण्यात बसलेले बुद्ध, कोण नाही तिथं? सगळे आहेत. फक्त ते आता परत डोंगरात जायच्या वाटेवर आहेत. एका भिंतीपाशी मी वाकून बघितलं: खांद्याची गोलाई स्पष्ट, दंडावर कसल्याशा दागिन्याची पुसट कड, कोपरापर्यंत हात, आणि कोपरापासून पुढं नुसती लाल, भोकाभोकांची भिंत. बोट फिरवलं तर कोपर कुठं संपलं आणि डोंगर कुठं सुरू झाला ते कळत नव्हतं. बोटाला तांबूस भुकटी लागली.

बोर्राला पाण्यानं दगडाचा शंकर केला होता. इथं माणसानं केलेल्या शंकराचा पाणी दगड करत होतं. तिथं नसलेला देव आम्हाला पहिल्या झटक्यात दिसला. इथं खराखुरा, छिन्नीनं कोरलेला देव समोर उभा, आणि आम्ही पाचजण त्याच्याकडे तोंड वासून बघतोय, काही दिसेना. कारण बॅटरी नव्हती.

अण्णांनी मोबाइलचा उजेड लावला आणि गाईड व्हायचा प्रयत्न केला. "हे बगा, नरसिंह."

"कशावरून?" मी.

"जांघेवर कुणीतरी हाय की."

"मग ती पार्वती असेल."

"पार्वतीचं पोट फाडायलेत का?"

"फाडायलेत हे कुठं दिसतंय?"

"तुमच्या माहूरला तरी काय दिसतंय?"

आयुक्तालय दोन वाक्यांवर येऊन ठेपलं होतं. तेवढ्यात मागच्या खांबाआडून खोकल्याचा आवाज आला. डोक्याला रुमाल गुंडाळलेले एक म्हातारबाबा सावलीला बसले होते. त्यांच्या शेळ्या दुसऱ्या एका लेण्यात बसल्या होत्या. आमचं सगळं संभाषण त्यांनी ऐकलं होतं आणि त्यांना आमची दया आली असावी. ते काठी टेकत उठले, काठीचं टोक भिंतीकडं धरलं आणि म्हणाले, "नरसिंव्ह हाय. पाव्हणं बरोबर म्हणायलेत."

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मंत्रिमंडळाचा निर्णय हाती आलाय.

मग या आबांनी आम्हाला फिरवलं. काठी जिथं थांबेल तिथं देव निघत होता. हातात बॅटरी नाही, काठी, पण गुण तोच. काठी लागली की लाल भिंतीतून गुडघा यायचा, मुकुट यायचा, कार्तिकेय यायचा. अक्का खूश. तिचे हात पुन्हा जोडायला-सोडायला लागले. आबांनी एका मोठ्या शिल्पापाशी नेऊन काठी आपटली. "ह्यो रावण. कैलास उचलायलाय. वर म्हादेव-पार्वती बसलेत."

नीटवाल्यानं जवळ जाऊन बघितलं, उजेड फिरवला. मोजायची सवय. "आबा, याला दहा डोकी कुठंयत?"

"व्हती की," आबा म्हणाले. "पावसानं नेली."

यावर कुणालाच काही बोलता येईना. नीटवाल्यालासुद्धा नाही, त्याच्या अभ्यासक्रमात कार्बोनेट होतं, हे नव्हतं.

बाहेर येऊन धपाटे सोडले. आबांनाही दिले, त्यांनी एक खाल्लं, एक रुमालात बांधलं. अण्णांच्या डोक्यात तोवर योजना तयार झाली होती: इथं तिकीट लावलं पाहिजे, प्रत्येक मूर्तीवर दिवा पाहिजे, आणि मायोर्कासारखं संगीत. तळं नाही ही अडचण. पण टँकर बोलावता येईल. मी म्हटलं, अण्णा, टँकरवर बसून व्हायोलिन कोण वाजवणार? ते म्हणाले, हलगी ठेवू. माझी बायको म्हणाली, हलगी वाजवली तर उरलेली डोकी पण जातील.

निघताना पैशाचा प्रश्न आला. आबा मागत नव्हते, पण जातही नव्हते. अण्णांनी विचारलं, "आबा, काय द्यावं?"

"तिकडं आंध्रात काय घेतलं?" आबांनी विचारलं. म्हणजे तेही ऐकलं होतं.

मी पाकीट काढलं. अण्णांनी माझा हात धरला. "लातूर जिल्ह्यात आलाव तुम्ही. पाव्हण्यानं द्यायचं नाही."

"बोर्राला सगळा खर्च तुम्ही केला, आता माझी पाळी."

"बोर्रा परमुलूख होता. हे आमचं गाव हाय."

"म्हणूनच. नांदेडच्या माणसानं लातूरच्या लेण्याला पैसे दिले असं म्हणायला तुम्हालाही बरं वाटेल."

नोटा दोघांच्याही हातात, हात एकमेकांच्या मनगटावर, आणि दोघांच्या बायका गाडीत जाऊन बसलेल्या. आबांनी थोडा वेळ वाट बघितली. मग काठी काखेत मारली, दोन्ही हात मोकळे केले, एका हातानं अण्णांची नोट घेतली, दुसऱ्या हातानं माझी घेतली, आणि शेळ्यांकडं वळले.